लघवीच्या सवयी मोबाइलवर शिकताय? या चुका टाळा

आमच्या ऑनलाइन वर्गात सोलापूरच्या विडी घरकुलातल्या एक ताई होत्या. पंचेचाळिशी ओलांडलेल्या. त्यांचा कॅमेरा कायम बंद आणि प्रश्न एकही नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीनं दिवसभरातल्या लघवीच्या वेळा लिहिल्या होत्या. सकाळी ६ ते रात्री १०, एकूण १७ नोंदी. प्रत्येक वेळेपुढे ‘अर्धी वाटी’, ‘पाव वाटी’. खाली एक ओळ होती : ‘मॅडम, व्यायाम रोज करते, तरी फरक का नाही?’

उत्तर त्या पानावरच होतं. मोठ्या माणसाच्या लघवीच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली मावतं. पहिली जाणीव दीड-दोनशे मिलीला होते आणि तीही नुसती सूचना असते, लगेच उठायची गरज नसते. दिवसा तीन-चार तासांनी जावं लागणं हे ठीक. ताईंची पिशवी मात्र पाव भरायच्या आत रिकामी होत होती, वर्षानुवर्षं. मग तिला तेवढंच धरायची सवय लागली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चाळीस ते साठ वयाच्या बायकांना लघवीच्या सवयी आणि त्यासाठीचा व्यायाम मोबाइलवरून शिकवते, कारण दवाखान्यात येऊन ‘शिंकले की कपड्यात जातं’ हे बोलायला फार कमी जणी तयार होतात. घरात बसून शिकता येतं ही मोठीच सोय आहे. पण त्याच त्याच चुका होताना दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

‘एकदा जाऊन येते’

सगळ्यांत जास्त नुकसान ही सवय करते. नवी पेठेत निघायचं, एकदा जाऊन येते. पाहुणे यायचेत, जाऊन येते. भाकऱ्या टाकायला बसायचंय, जाऊन येते. यामागचं कारण मला पूर्ण कळतं. बाहेर स्वच्छ जागा मिळेल याची खात्री नसते. अक्कलकोटला किंवा पुण्याला एसटीनं निघण्याआधी एकदा जाऊन येणं चूक नाही. पण घराचा उंबरठा ओलांडताना दर वेळी, न लागताही जाणं म्हणजे पिशवीला ‘थोडं भरलं तरी ओरड’ असं शिकवणं.

हे उलटवता येतं. घाई झाली की धावू नका. जिथं असाल तिथं थांबा, शक्य असेल तर बसा. लघवी आवरणारे खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळा आणि सोडा. श्वास चालू ठेवा, मनात काहीतरी मोजा, शंभरातून सात-सात वजा करत गेलात तरी चालेल. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. ती ओसरली की शांत चालत जा. आधी दोन वेळांमधलं अंतर १५ मिनिटांनी वाढवा, आठवडाभर तेवढंच ठेवा, मग आणखी १५. एकदम तीन तासांवर उडी मारली की पहिल्याच दिवशी कपडे ओले होतात आणि बाई प्रयत्न सोडून देते.

याच्या उलट, सहा-सात तास दाबून बसणंही नको. शाळेतल्या शिक्षिका, दुकानात उभ्या राहणाऱ्या, सूप मांडीवर घेऊन विड्यांचा आकडा पूर्ण करायला बसलेल्या, सगळ्यांना सांगते, चार तासांच्या पुढे नेऊ नका.

पाणी तोडणं

‘पाणीच कमी प्यायलं तर जावं लागणार नाही’ हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो. तेव्हा पाणी तोडलं की लघवी गडद होते, पिशवीच्या आतल्या आवरणाला झोंबते आणि घाई उलट वाढते. जंतुसंसर्ग आणि खडे यांची भीती वेगळीच. शिवाय मलावरोध होतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर दिवस निघत असेल, सोबत पालेभाजी नाही, पाणी नाही, तर पोट साफ होत नाही. भरलेलं मोठं आतडं मागून पिशवीला दाबत राहतं. कुंथून कुंथून खालचे स्नायूही सैल पडतात. लघवीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला मी आधी पोट साफ होतं का, हे विचारते.

एरवी दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात घामाप्रमाणे जास्त. लघवीचा रंग फिका पिवळा राहिला म्हणजे बरोबर चाललंय. रात्री उठावं लागत असेल तर संध्याकाळी सातनंतर हात आखडता घ्या, सकाळी नको. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. आणि चहाचे कप मोजा. त्या ताईंचे दिवसाला सात चहा होते. चहातलं कॅफिन पिशवीला डिवचतं, तीनवर आणले की पुष्कळींना आठवड्यात फरक जाणवतो.

व्यायाम चुकीच्या जागी

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये खालचे स्नायू आवळण्याचा हा व्यायाम मांडला. पुढे तो जगभर गेला, आता रीलमध्ये तीस सेकंदांत उरकला जातो. त्या तीस सेकंदांत मुद्द्याचं राहून जातं. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे स्नायू असतात. ती झोळी आवळून वर उचलायची. चारचौघांत बसलेलं असताना वारा सरू नये म्हणून जसं आवरतो, अगदी तसं.

बहुतेक जणी ढुंगण आवळतात, मांड्या दाबतात, श्वास कोंडतात. काही जणी तर वर उचलण्याऐवजी खाली जोर देतात, त्यानं त्रास वाढतो. म्हणून मी मोठ्यानं आकडे मोजायला लावते, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, कशातही. आवाज निघतोय म्हणजे श्वास कोंडलेला नाही. पोटावर हात ठेवा, पोट फुगायला नको. पाच सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा, जमेल तसं दहापर्यंत न्या. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे. आवळताना दुखत असेल तर थांबा आणि प्रत्यक्ष तपासून घ्या, कारण काहींचे स्नायू आधीच ताठलेले असतात.

लघवी करताना मध्येच धार थांबवून रोजचा व्यायाम करू नका. त्यानं पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

आणि तीन महिने द्या. दहा दिवसांत सोडलेला व्यायाम न केल्यासारखाच. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०१८ च्या आढाव्यात खोकताना-शिंकताना लघवी जाणाऱ्या ज्या बायकांनी हा व्यायाम केला, त्यांतल्या ५६ टक्के बऱ्या झाल्याचं सांगत होत्या, न केलेल्यांत ६ टक्के. गोळीशिवाय, शस्त्रक्रियेशिवाय एवढा फरक पडतो, तर तो अर्ध्यावर सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

नुसतं बघणं

कुकरच्या शिट्ट्या मोजत, भाजी चिरत व्हिडिओ बघितला की तो करमणुकीसारखा निघून जातो. वीस मिनिटं दार लावून घ्या, कानात इअरफोन घाला, आडवं होऊन सोबत करा. फोन मुलाचा असेल तर वेळ ठरवून मागून घ्या. कॅमेरा बंद ठेवला तरी काही बिघडत नाही, पण प्रश्न मनात ठेवू नका, एकटीला मेसेज करून विचारा.

पहिल्या आठवड्यात व्यायामही नको. तीन दिवस नुसतं लिहा : किती वाजता गेलात, अंदाजे किती झाली, काय प्यायलात, कधी गळली, तेव्हा काय करत होता. मापासाठी जुना प्लॅस्टिकचा मग वेगळा काढा. हे पान नसेल तर शिकवणाऱ्यालाही अंधारात चाचपडावं लागतं.

‘सात दिवसांत बंद’ म्हणून चूर्ण विकणारा व्हिडिओ दिसला की पुढे सरका. बाळंतपणं किती, साखर आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे न विचारता उपाय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

छोट्या गोष्टी : कमोडवर अर्धवट उभं राहून लघवी करू नका, स्नायू सैल होत नाहीत आणि थोडी आत राहते. पुसून पूर्ण टेका. बैठ्या भांड्यावर नीट उकिडवं बसा. जोर लावून उरकू नका.

मोबाइल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जायचं?

लघवीतून रक्त, जळजळ आणि ताप, लघवी अडकणं, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद जाणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, थेंबथेंब सतत गळणं. यांतलं काहीही असेल तर वर्गाची वाट बघू नका. लघवी अडकली किंवा बधिरपणा आला तर त्याच दिवशी जा. सारखं जावं लागत असेल तर साखर तपासाच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन तिथली त्वचा पातळ, कोरडी होते, त्यावर डॉक्टर लावायचं औषध देऊ शकतात. सिव्हिलला स्त्रीरोग विभाग आहे, आणि सरकारच्या ई-संजीवनीवर घरबसल्या मोफत डॉक्टर भेटतात. रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ त्यांना विचारूनच बदला.

ताईंचं दुसरं पान अडीच महिन्यांनी आलं. नऊ नोंदी, बहुतेक ठिकाणी ‘दीड वाटी’, ‘दोन वाटी’. खाली पुन्हा एक ओळ : ‘पाण्याच्या दिवशी अजून जातं.’ आमच्याकडे नळ रोज येत नाही. आला की बायका तासभर घागरी आणि बादल्या उचलत असतात. हे गळणं घाईचं नाही, पोटावर दाब आल्याचं आहे, आणि त्यावर युक्ती वेगळी. घागरीला हात लावण्याआधी झोळी आवळून वर उचला, श्वास सोडत सोडत घागर उचला, खाली ठेवल्यावर सैल करा. घागर अंगाजवळ धरा, भरायची तर अर्धीच भरा.

पुढच्या वर्गात मी सगळ्यांना रिकामी घागर घेऊन यायला सांगितलं. सातव्या चौकोनात पहिल्यांदाच कॅमेरा सुरू झाला. चेहरा दिसत नव्हता, फक्त हिरव्या बांगड्यांचे दोन हात आणि स्टीलची घागर, आणि आवळताना ‘ओकटी, रेंडू, मूडू’ असं मोजणारा आवाज.