नोकरी, घर आणि ट्रायथलॉन: या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

सकाळी पाचला जळगावच्या मेहरूण तलावाच्या रस्त्यावर उभं राहिलं की दर दोन-तीन महिन्यांनी एक नवीन गडी दिसतो. कोरी सायकल, मनगटावर महागडं घड्याळ आणि प्रश्न ठरलेला, "भाऊ, सहा महिन्यांत 70.3 होऊन जाईल ना?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, 70.3 म्हणजे हाफ आयर्नमॅन, 1.9 किमी पोहणं, लगेच 90 किमी सायकल, लगेच 21.1 किमी पळणं, सगळं मिळून मैलात मोजलं की 70.3. तर होतं सहा महिन्यांत, नीट पोहता येत असेल तर होतं. पण त्या सहा महिन्यांत बॉस, बायको आणि गुडघा यातलं कोण कोण रुसून बसेल हे कोणी विचारत नाही. मी जळगावात एका डाळ मिलच्या ऑफिसात अकाउंट बघतो, सात वर्षं झाली हा उद्योग करतोय, पोडियम-बिडियम काही नाही, पण चुकांचा स्टॉक भरपूर आहे.

झोपेतून उधारी काढणे

ही चूक करत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. नवीन गडी नेटवरून कुठल्यातरी प्रोचा, म्हणजे खेळावरच पोट असलेल्या खेळाडूचा, प्लॅन काढतो, त्यात आठवड्याला 25-30 तास ट्रेनिंग असतं, मग हा म्हणतो मी नोकरीवाला आहे तर 15-16 तास करतो, म्हणजे आपण फार समजूतदार. अरे भाऊ, तो प्रो सकाळी पोहून येतो, खातो, दुपारी झोपतो, उठून सायकलवर बसतो, मसाज घेतो आणि नऊला लाइट बंद. झोपणं हा त्याच्या ड्युटीचा भाग आहे. आपण दुपारी ऑफिसात डुलकी काढली तर शेठ कायमचं झोपायला घरी पाठवेल.

माझाच किस्सा ऐका. मार्च एंडिंग चालू होतं, स्टॉक जुळवा, जीएसटी जुळवा, बँकेची स्टेटमेंटं, रोज घरी यायला रात्रीचे साडेदहा-अकरा. आणि मला आठवड्याचे 14 तास सोडवत नव्हते, कारण घड्याळातला ग्राफ खाली जाताना बघवत नव्हता. पावणेचारचा अलार्म, झोप साडेचार तास. पहिले दहा दिवस एकदम भारी वाटलं, हीच तर गंमत आहे, शरीर सुरुवातीला काही बोलतच नाही. मग सकाळी उठल्या उठल्या जी नाडी 52 असायची ती 61 दाखवायला लागली, मी म्हटलं घड्याळाचा सेन्सर गेला. सपाट रस्त्यावर पाय जड, मी म्हटलं हवा समोरून आहे. घरात पोरावर खेकसायला लागलो, तेव्हा मी काय म्हटलं आठवत नाही, पण दोष माझा नव्हता एवढं नक्की म्हटलं असेन.

29 मार्चला संध्याकाळी एका ट्रान्सपोर्टवाल्याचे 48,500 रुपये एनईएफटीने पाठवायचे होते. मी टाकले 4,85,000. स्क्रीनवर आकडा बघितला, ओके केलं, पुन्हा बघितला, तरी बरोबर वाटला. अर्ध्या तासाने त्या भल्या माणसाचाच फोन, "भाऊ, येवढे पैसे कशाचे? का मिल विकली मला?" पैसे दुसऱ्या दिवशी परत आले, माणूस सरळ होता म्हणून. शेठ ओरडले नाहीत, फक्त विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" ते जास्त लागलं.

मिल, घर, ट्रेनिंग असे तीन वेगळे गल्ले आपण डोक्यात ठेवतो, शरीराकडे मात्र वही एकच. ऑफिसचं टेन्शन, रात्रीचं जागरण, 80 किमीची राइड, सगळं एकाच खात्यावर नावे पडतं, आणि जमा होतं मुख्यतः झोपेतून. तेव्हापासून माझा नियम एकच, रात्री अंग टाकायला अकराच्या पुढे गेले तर सकाळचा वर्कआउट रद्द. आणि बुडाला तो बुडाला, रविवारी डबल करून भरायचा नाही. मार्चमध्ये मी आता आठवड्याला पाचच तास करतो, दोनदा 40 मिनिटं पळणं, बाकी घरात ट्रेनरवर, म्हणजे मागचं चाक बसवायच्या स्टँडवर, जागच्या जागी सायकल. दोन-तीन आठवड्यांत फिटनेस कुठे पळून जात नाही. एरवीही 8 ते 10 तासच, त्यात माझी 70.3 होते. यावर कोणी "पण भाऊ अमका तर..." सुरू केलं की मी सरळ सायकलवर बसतो आणि निघतो.

खान्देशच्या उन्हाशी मस्ती

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास फिरतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको, तरी दरवर्षी कोणीतरी "हीट ट्रेनिंग" करायला सकाळी आठला निघतो. मीही निघालो होतो. एप्रिलचा शेवट, आदल्या रात्री मामेभावाची हळद, उठायला उशीर, पण 90 किमी ठरले होते म्हणजे ठरले होते. अजिंठा रोडने नेरी, पहूर आणि थोडं पुढे जाऊन परत. सोबत तीन बाटल्या साधं पाणी. जाताना मस्त. येताना साडेदहानंतर अशी झळ लागायला लागली की हँडलवरचे हात भाजले, पाणी पितोय पितोय आणि पोटात नुसतं डचमळतंय, डोकं गच्च. नेरीच्या अलीकडे एका टपरीशेजारच्या निंबाखाली उतरलो आणि उलटी झाली. टपरीवाल्या मावशींनी वरून खालपर्यंत बघितलं, चिकटलेले कपडे, हेल्मेट, आणि म्हणाल्या, "काय रे भो, घरी भांडण झालं का?" त्यांनी ओल्या फडक्याने मान पुसली, मीठ घालून ताक दिलं, घोट घोट प्यायला लावलं. शेवटी केळीचे घड नेणाऱ्या छोट्या हत्तीत, केळीच्या पाल्यावर सायकल आडवी टाकून घरी आलो. बायकोने फक्त पंखा पाचवर केला आणि दोन दिवस बोलली नाही.

चुका तीन होत्या. उशिरा निघणं, झोप नसताना निघणं आणि नुसतं पाणी पिणं. घामातून मीठ जातं, आणि तासन्‌तास साधं पाणीच ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, तेही धोक्याचंच. आता मी बाटलीत ओआरएस घेतो, 1 लिटरचं पाकीट 1 लिटर पाण्यातच, अर्ध्या बाटलीत कोंबून "स्ट्राँग" करत नाही. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे, हे एकदा कोणीतरी भिंतीवर रंगवा. आपल्याला किती घाम येतो ते बघायचं असेल तर तासभर पळायच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा, 1 किलो कमी म्हणजे साधारण 1 लिटर गेलं, मध्ये काही प्यायला असाल तर तेही धरा. उन्हाची सवय लागायला 10 ते 14 दिवस जातात, आणि ती रोज थोडं थोडं करून लागते, एका रविवारी स्वतःला भाजून नाही. बोलताना शब्द अडखळायला लागले, काही सुचेना झालं, तर तिथे हिंमत दाखवायची नाही, सावली, अंगावर पाणी आणि दवाखाना.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं नका समजू. 2016 ला मेक्सिकोत कोझुमेलच्या शर्यतीत जॉनी ब्राउनली पहिला पळत होता, फिनिश काही शे मीटरवर, आणि उन्हाने तो झोकांड्या खायला लागला, मागून आलेल्या भावाने, ॲलिस्टरने, त्याला खांद्याला धरून रेषेपार ढकललं. दोघं ऑलिंपिक मेडलवाले. आपल्यामागे भाऊ येत नसतो, फार तर छोटा हत्ती येतो.

विहिरीवाले

आपल्याकडे अर्ध्या लोकांनी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहणं शिकलंय, मीही. त्यामुळे "पोहण्याचं टेन्शन नाही" हे वाक्य खूप ऐकतो. विहिरीत मान वर, हात धपाधप, दहा हातांवर काठ. मान वर राहिली की कंबर आणि पाय खाली जातात आणि तुम्ही पाणी कापायच्या ऐवजी ढकलत बसता. 70.3 ला 1.9 किमीला साधारण 1 तास 10 मिनिटांचा कटऑफ असतो, जास्त लागला की शर्यतीतून बाहेर, दरवर्षी बरेच जण तिथेच घरी जातात. पहिले दोन महिने सायकल सोडा आणि पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिका, कंटाळवाणं आहे, तरी शिका. आणि धरणात किंवा तलावात एकट्याने उतरायचं नाही, कितीही पट्टीचे असाल तरी, कंबरेला नारिंगी फ्लोट आणि काठावर एक माणूस पाहिजेच.

नोकरी सोडून "प्रो" होणारे

यावल रावेरकडचा एक पोरगा, कामाला चांगला, पायात दम, एका स्प्रिंट शर्यतीत, म्हणजे 750 मीटर, 20 किमी, 5 किमी, वयोगटात पहिला आला आणि राजीनाम्याचा विचार करायला लागला. मला म्हणतो क्रिसी वेलिंग्टननेही सोडली होती. सोडली होती ना. ब्रिटनमध्ये सरकारी नोकरीत होती, पण 2006 ला ती आधी हौशी गटात जगज्जेती झाली, मग प्रो, आणि 2007 ला हवाईत आयर्नमॅन जिंकली. राजीनामा निकालानंतर आला, आधी नाही. प्रोचं लायसन्स देशाची फेडरेशन निकाल बघून देते, उत्साह बघून नाही. त्यातून आपल्याकडे बक्षिसाच्या पैशावर घर चालवणं म्हणजे पेरायच्या आधी कापसाचा भाव ठरवणं. पोराला म्हटलं स्पोर्ट्स कोट्यातून कुठे नोकरी लागते का बघ, पगारही आणि सराव करायला रजाही. सध्या तरी नोकरीत आहे. रोज विचारत नाही मी.

किरकोळ, पण रोजच्या

रेसच्या दिवशी नवीन बूट. नका.

केळी आपल्या गावची आहेत म्हणून 90 किमीत नुसती केळीच खाणं, एका मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज, तासाला 60 ग्रॅम पाहिजे म्हटलं तर हिशेब करा पोट काय म्हणेल ते. दोन केळी, बाकी गूळ-पाणी किंवा जेल, म्हणजे पाकिटातला गोड चिकट पाक, आणि हे सगळं आधी ट्रेनिंगमध्ये खाऊन बघा.

थंडीत शनिवारी रात्री शेतातली भरीत पार्टी आणि रविवारी पहाटे इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून जोरात पळणं. दोन्ही चालणार नाही, मी भरीत निवडतो.

सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव न करणं. आठवड्यातून एकदा, 15 मिनिटं पुरतात, पाय लाकडाचे का वाटतात ते आधीच कळू द्या.

घरच्यांना नंतर सांगणे

एकदा श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, रविवारी मी "दोन तासांत येतो" म्हणून गेलो आणि साडेअकराला उगवलो. घरात सगळी भाऊबंदकी जमलेली, कानबाई बसलेली, आणि मी दारात घामाने निथळत, सायकलच्या कपड्यांत. आईने वर्षभर ते काढलं, अजूनही पाहुण्यांसमोर काढते. तेव्हापासून स्वयंपाकघरात कॅलेंडर लटकतं, त्यात आधी बायको लाल पेनाने लिहिते, लग्नं, आखाजी (अक्षय्य तृतीया), पोराची परीक्षा, मिटिंगा, दळण. मग उरलेल्या चौकोनांत मी पेन्सिलीने लिहितो. पेन्सिल मुद्दाम, खोडता येते. मोबाईलचं शेअर्ड कॅलेंडर करून बघितलं, तिने उघडलंच नाही, ती म्हणे भिंत बघायला चार्जिंग लागत नाही. या रविवारी लाल पेनात "बिबडे, सकाळी 6, गच्ची" आहे, बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. लाँग राइड शनिवारी पहाटे चारला गेली, आणि रविवारी गच्चीवर पीठ घोटायला मी.