चांदवेल ओळखताना आणि काढताना या चुका टाळा

चांदवेल हे शेतातलं वेलीचं तण. रब्बीच्या गव्हात, हरभऱ्यात पांढरी-गुलाबी नरसाळ्यासारखी फुलं दिसली की 'चांदवेल आली' म्हणून मोकळं व्हायचं, ही पहिली चूक. याच कुळातल्या कितीतरी वेलींची फुलं अशीच असतात, रताळ्याचंही.

पानावर तर फारच कमी भरवसा ठेवा. बाणाच्या टोकासारखं पान हे वर्णन खरं, पण कोरड्या, तुडवलेल्या बांधावर ते अरुंद आणि चिमुकलं राहतं, तर ओलाव्याला चांगलं रुंद होतं. वेल घड्याळाच्या उलट दिशेनं वळते, ही खूणही कुचकामी. घेवडाही तसाच वळतो.

मग बघायचं काय? फुलाचा देठ. फुलाच्या बुडापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली, देठावरच, दोन बारीक हिरवी छदं (पानासारखे छोटे भाग) असतात. ती फुलाला चिकटलेली नसतात. युरोपात हिच्याशी घोटाळा होणाऱ्या मोठ्या फुलांच्या वेलीत हीच छदं रुंद होऊन फुलाचं बूड झाकतात. नंतर फूल उघडून स्त्रीकेसराचं टोक बघा: चांदवेलीत दोन लांबट फाटे, रताळ्याच्या जातभाईंत गोळीसारखी गाठ. भिंग असेल तर उत्तम. हे सकाळीच उरका, कारण एक फूल एकच दिवस टिकतं.

काढताना होणारी चूक महागात पडते. वरून वेल ओढली की ती तुटते, मुळं खालीच. ही बहुवर्षायू आहे. मुळं काही मीटर खोल जातात आणि मुळाच्या बोटभर तुकड्यालाही कोंब फुटतो. अशा पट्ट्यात एकदा रोटाव्हेटर फिरवून थांबलात, तर तुम्ही लागवडच केलीत म्हणा!

आधी कोंब नीट बघा. तळाशी चौकोनी, टोकाला खाच असलेली बीजपत्रं (बियांतून निघणारी पहिली दोन पानं) असतील तर रोप बियांतून आलंय; कोवळं असताना समूळ निघतं. बीजपत्रं नसतील तर बहुधा तो जुन्या मुळाचा फुटवा. तिथे दर दोन-तीन आठवड्यांनी खुरपत राहायचं, मुळातला साठा संपेपर्यंत. एका हंगामात संपेल ही आशा सोडा.

गव्हातलं टू-फोर-डी हे तणनाशक हरभऱ्यावर मारू नका, तणाआधी हरभराच जाईल. आणि बोंडं धरलेल्या वेली उकिरड्यावर टाकू नका; हिचं बी जमिनीत वीस वर्षांहून जास्त जिवंत राहतं.