जाड चष्म्याचा पेशंट समोर बसला की

ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं शिक्षण, संपवून सांगलीत पहिली नोकरी धरली तेव्हा मला वाटायचं, नंबर काढता आला की काम आलं. दुसऱ्याच महिन्यात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले. मायनस ११ चा चष्मा, छाटणीचे दिवस, त्यामुळे घाईत. "डोळ्याच्या कडंला वीज चमकल्यागत हुतंय, अन् चिलटं उडत्यात." मी नंबर तपासला, अर्ध्या नंबरानं वाढला होता, नवा चष्मा लिहून दिला. आतला पडदा कडेपर्यंत दिसावा म्हणून बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, ते घातलेच नाहीत. आठ दिवसांनी आले ते खालून काळा पडदा चढलाय म्हणत. खालून अंधार म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) वरून सुटलेला. डोळ्यात चित्र उलटं पडतं.

मिरजेत व्हिट्रेक्टॉमी झाली. आतला जेलीसारखा द्रव काढला, पडद्यातल्या छिद्राभोवती लेझर मारला, गॅस भरला. पहिले काही दिवस पालथं पडून राहायचं होतं. शेतकरी माणूस, ते त्यांना ऑपरेशनपेक्षा जड गेलं. लेक पाचगणीला दिलेली, ती म्हणाली विश्रांतीला या. डॉक्टरांनी हातच जोडले. वर हवेचा दाब कमी, गॅसचा बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचा दाब चढतो. भरलेला सी३एफ८ गॅस विरायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर विमान नाही आणि पाचगणीच्या वाटेवरचा पसरणीचा घाटही नाही. आपल्याकडे विमानाचं सगळे सांगतात, घाटाचं सांगायचं राहतं. पडदा बसला, पण मधला भाग आधीच सुटलेला असल्यानं नजर पूर्वीइतकी आली नाही.

लग्न ठरलं की चष्मा घालवायला येणाऱ्या मुली तुम्हाला रोज भेटतील. (साखरपुड्याच्या तारखेवरून ऑपरेशनची तारीख काढणारे मामाही.) लेसिकमध्ये, म्हणजे लेझरनं नंबर घालवताना, एका नंबरमागे कॉर्नियाचे (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचे) साधारण १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, घासले जातात. कॉर्निया असतो ५४० च्या आसपास. मायनस ११ ला दीडशे गेले, त्याआधी वरून उचललेल्या पापुद्र्याचे (फ्लॅपचे) शंभरेक धरले, की उरलेला भाग अगदी काठावर येतो. म्हणून अशांना आयसीएल: आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाच्या) मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवलेलं जादा भिंग. त्यासाठी कॉर्निया आणि नैसर्गिक भिंग यांच्यामधल्या पुढच्या कप्प्याची खोली साधारण तीन मिलिमीटर लागते. मोजमापाआधी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवायला सांगा, नाहीतर आकडे चुकतात.

पण नंबर गेला तरी डोळ्याची लांबी जात नाही. साधा डोळा २४ मिलिमीटरच्या आसपास, यांचा २६ च्या पुढे. ताणून पातळ झालेला पडदा ऑपरेशननंतरही तसाच पातळ. एका मुलीच्या पडद्याच्या कडेला छिद्र सापडलं, तिला आधी लेझर केला, आयसीएल नंतर. घरच्यांनी आम्हाला बिल वाढवणारे ठरवलं. ऐकून घ्यायचं.

बागायतदारांचा दुसरा डोळा आता दर सहा महिन्यांनी बघतो. खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, "आज थेंब हाय न्हवं? गाडी पोरालाच चालवाय लावलीया."