मेन बोर्ड न ठेवता डॅमेज शोधणारं सेन्सरचं जाळं घरी कसं करायचं

२००३ साली नासाचं कोलंबिया हे अंतराळयान (शटल) उडाल्यावर ८२ सेकंदांनी फोमचा तुकडा डाव्या पंखाला लागला, पण मार किती बसलाय हे वर असताना नीट कळलंच नाही. नंतर नासाने शटलच्या प्रत्येक पंखात ६६ अॅक्सेलरोमीटर, म्हणजे हादरा टिपणारे सेन्सर, बसवले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने नासासोबत वेगळाच प्रयोग केला, पत्र्यामागे छोटे छोटे सेल (बॅटरी नव्हे, सेन्सर आणि त्याचा छोटा मेंदू मिळून एक सेल), प्रत्येकजण फक्त शेजाऱ्याशी बोलणार, वर साहेब कोणी नाही. आपण त्याचंच गरिबाघरचं व्हर्जन करू.

फूटभर अॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, खाली स्पंज. बझरमधल्या पितळी पिएझो चकत्या (हादरा बसला की व्होल्टेज देतात) नऊ, तीन बाय तीन अशा अॅरल्डाइटने चिकटवा, डबल टेप नको, तो हादरा खातो. प्रत्येक चकतीला एक आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), हा झाला एक सेल, आणि चकतीवर १ मेगाओहम रेझिस्टर आणि ५.१ व्होल्टचा झेनर (जादा व्होल्टेज अडवणारा डायोड) लावाच, नाहीतर जोरात टोला बसला की पिन गेली. नॅनोखाली जाड पुठ्ठा ठेवा, पत्रा शॉर्ट करतो.

हादरा कुठे आधी पोचला यावरून जागा काढायच्या फंदात पडू नका, नॅनोच्या अॅनालॉगरीडला, म्हणजे चकतीचं व्होल्टेज एकदा वाचायला, १०० मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात पहिली लाट अख्खा पत्रा पार करून जाते. थ्रेशोल्ड असा लावा की छर्रा टाकला की जवळच्याच सेलचा पिवळा दिवा लागेल.

आता खरी गंमत. कोड नऊही सेलमध्ये सेम, नंबर वगैरे काही द्यायचा नाही. दर अर्ध्या सेकंदाला एक पल्स चारी बाजूंच्या सेलना वायरीतून सोडायची, म्हणजे "मी आहे". ज्याची पल्स एकदा तरी आली तो शेजारी, आणि त्याच्या सलग तीन चुकल्या की तो गेला, आपला लाल दिवा लावायचा. मधला सेल उपटा, चारी बाजूंचे लाल होतात, भोकाभोवती कुंपण आपोआप पडतं, कोणी सांगावं लागत नाही!

माझं पहिल्यांदा झालंच नाही, मेलेला शेजारी जिवंतच दिसत होता, दोन संध्याकाळी कोड चाळला आणि निघालं काय तर इनपुटला पुलडाउन (पिन ग्राउंडला बांधून ठेवणारा रेझिस्टर) नव्हता, लोंबकळणारी वायर अँटेना झालेली. प्रत्येक इनपुटला १० किलोओहमचा लावा.

आणि पॉवर एका सेलमधून पुढच्याला अशी देऊ नका, एक उपटला की मागची रांग अंधारात, म्हणजे साहेब मागच्या दाराने आलाच की. पाच व्होल्टची रिंग करा, दोन्ही टोकांनी सप्लाय.