आवाजाने नजरेला वाट दाखवताना या चुका टाळा

हेडसेट लावून खेळायच्या खेळात लपलेली वस्तू, म्हणजे लक्ष्य, कुठे आहे ते आवाजाने सुचवायचं असतं. त्यातलं सगळ्यात जुनं दुखणं: मोबाइलमधला पहिला 'टुंग' उचलायचा आणि तोच लक्ष्यावर चिकटवायचा. एकसुरी बीप गोड लागतो, पण कुठून आला हे कानाला कळत नाही. कान दिशा ओळखतो ती आवाज दोन कानांत पोचायच्या वेळेतल्या फरकावरून, आणि तो फार तर ०.७ मिलिसेकंद. तो साधारण १५०० हर्ट्झच्या खाली उपयोगी पडतो. त्याच्या बरंच वर गेल्यावर कामाला येतो तो जोरातला फरक: डोकं मध्ये आडवं आल्याने पलीकडच्या कानात आवाज हळू पोचतो. मधल्या पट्ट्यात, ३००० पर्यंत, दोन्ही लंगडे, आणि बीप नेमके तिथलेच! वर-खाली ओळखायला बाहेरच्या कानाच्या घड्या लागतात, त्यांचं काम ४००० च्या वर. म्हणून मोहरी तडतडल्यासारखा आवाज घ्या: रुंद पट्ट्याचा नॉइज (खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर मिसळलेली खरखर), ५० मिलिसेकंदांचे तुकडे, मध्ये तेवढीच शांतता.

दुसरी चूक, मागचं पुढे ऐकू येणं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात हेडसेट लावून समई शोधायचा खेळ मांडला, की हमखास हेच होतं. समई मागच्या कोनाड्यात, आणि खेळणारा समोरची भिंत चाचपतोय. बनवणारा काय करतो? आवाज वाढवतो. मग आणखी वाढवतो. अहो, नाकासमोरून उजवीकडे ३० अंशांवरचा आणि १५० अंशांवरचा आवाज दोन्ही कानांत जवळपास त्याच फरकाने पोचतो, जोर वाढवून तो बदलणार कसा? मान वळवली की कोडं सुटतं. उजवीकडे वळल्यावर समोरचा आवाज डावीकडे सरकतो, मागचा उजवीकडे. त्यासाठी हेड ट्रॅकिंग (मान कुठे वळली ते हेडसेटने टिपणं) चालू हवं आणि मान वळेपर्यंत आवाज टिकायला हवा. १०० मिलिसेकंदांत संपणारा इशारा इथे फुकट. इअरफोन वायरचेच वापरा. ब्लूटूथमध्ये बऱ्याचदा १५० मिलिसेकंद किंवा जास्त उशीर होतो, मान थांबते आणि आवाज मागून फरफटत येतो.

लक्ष्य किती वर-खाली आहे, ते सांगायचं काम आवाजावर सोपवू नका. तयार एचआरटीएफ (कोणत्या दिशेचा आवाज कानात कसा बदलून पोचतो त्याचं मोजमाप) दुसऱ्याच्या कानाचा असतो, तुमच्या पाळीला बसेलच असं नाही. आवाजाने मान वळवावी, लक्ष्य नजरेच्या टप्प्यात आणावं, पुढचं डोळा बघेल.

'भारी वाटतं' म्हणून घुमारा घालू नका. एका वेळी एकच लक्ष्य वाजवा, सापडलं की लगेच बंद.

आणि कोडला शिव्या घालण्याआधी फोनमधलं 'मोनो ऑडिओ' (दोन्ही कानांत एकच आवाज देणारी सोय) चालू राहिलंय का, इअरफोन उलटे घातलेत का, तेवढं बघा.