‘तुम्ही’ म्हटले तरी सूर सांभाळावा लागतो
मराठीत ‘तुम्ही’ वापरले की आदर आपोआप पोहोचतो, हा समज सोडून द्यावा, कारण ‘तुम्ही जरा थांबा’ हे वाक्य सावकाश, उतरत्या सुरात म्हटले तर विनंती वाटते आणि ‘थांबा’वर आघात देऊन तोडले तर तीच आज्ञा होते. विनंती करताना ‘जरा’ किंचित लांबवावा, क्रियापदावरचा जोर काढावा आणि शेवटी ‘ना’ जोडायचा असल्यास तो मऊ ठेवावा. ताणलेल्या ‘ना’मधून अधीरता ऐकू येते. ‘हो का?’ या दोन शब्दांत तर कुतूहल, अविश्वास आणि टोमणा हे तिन्ही मावतात, म्हणून कोणाचे दुःख ऐकताना ते टाळून नुसते ‘हं’ म्हणावे, तेही हळू आवाजात.

वडीलधारी व्यक्ती घरी आली की ‘या, बसा’ हे उठून आणि मोबाइल बाजूला ठेवून म्हणावे. वस्तू उजव्या हाताने द्यावी. नजरेचे मात्र एकच माप नाही: नोकरीच्या मुलाखतीत डोळ्यांत पाहून बोलणे अपेक्षित असते, तर अनेक घरांत थोरांचे ऐकताना नजर खाली ठेवणे हीच मर्यादा मानली जाते, आणि अशा घरातून आलेल्या मुलाला ‘इकडे बघून बोल’ असे दरडावणे मला अन्यायाचे वाटते.

फोनवर चेहरा दिसत नसल्याने बोलण्याची गती कमी करावी, समोरच्याचे वाक्य संपल्यावर क्षणभर थांबावे आणि ‘ठेवतो’ म्हटल्यावर पलीकडचे ‘बरं’ ऐकूनच फोन बंद करावा.