मूळ रूपातली १९६५ ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छपराची गाडी) विकताना

विकण्याआधी रंग मारू नका, पॉलिशही करू नका. कारखान्यातला रंग एकदा गेला की परत येत नाही. चेसिस नंबरमध्ये ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल, त्यापुढचे अक्षर इंजिनाचे: सी असेल तर २८९ घनइंची, दोन बॅरल (हवेचे दोन मार्ग असलेल्या) कार्ब्युरेटरचे. दारावरच्या पाटीवर ७६ ने सुरू होणारा बॉडी कोड दिसायला हवा. दोन्हींचे फोटो द्या.

जाणकार गिऱ्हाईक गंज आधी शोधतो. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाणी ओता. गाडीत पायाशी ठिबकले तर आतला पत्रा कुजला आहे. पक्के छप्पर नसल्याने बराचसा भार दाराखालच्या पट्ट्यांवर येतो, म्हणून गाडी जॅकवर घेऊन दाराची फट बदलते का तेही पाहा. सापडलेला गंज लपवू नका, जवळून फोटो काढा. काढलेले जुने सुटे भाग गाडीसोबतच द्या.